शालिककाका टाकीत बसून राहिले

हे तुम्हाला सांगावं की नाही, याचा मी बराच विचार केला. पण आमच्या यार्डातला जो तो हा किस्सा सगळ्यांना सांगत सुटलाय, आणि दर वेळी माझी अब्रू आणखी थोडी कमी होते. तेव्हा म्हटलं, आपणच सांगितलेलं बरं. निदान पँट घसरली होती की सुटली होती, एवढं तरी खरं कळेल! (घसरली होती. फक्त घसरली होती.)

मी मूळचा साताऱ्याकडचा. नोकरीनिमित्त नागपुरात आलो, प्रताप नगरात खोली घेतली आणि हिंगण्याकडच्या एका यार्डात सेफ्टी ऑफिसर म्हणून लागलो. आमचं काम काय, तर कंपन्यांच्या केमिकलच्या रिकाम्या टाक्या येतात, त्या धुवायच्या, वाळवायच्या, तपासायच्या आणि पुन्हा वापरायला परत पाठवायच्या. लोखंडी पिंजऱ्यातल्या हजार लिटरच्या पांढऱ्या टाक्या तर शेकड्यांनी. शिवाय मोठ्या आडव्या टाक्या, वरच्या झाकणातून माणूस आत उतरेल एवढ्या.

तुम्ही म्हणाल, टाकी धुण्यात काय एवढं? मलाही घरचे हेच विचारतात! अहो, आधी तिच्यात काय होतं ते शोधावं लागतं. लेबल नसेल तर टाकी बाजूला, हात लावायचा नाही. तळाशी उरलंसुरलं वेगळं काढायचं. एका टाकीतलं दुसरीतल्यात मिसळलं तर काय होईल, याचा नेम नाही. मग बाहेरूनच नळी सोडायची, तिच्या टोकाचा फवारा गरगर फिरतो आणि आतून टाकी धुतो. ते पाणीसुद्धा गटारात नाही, वेगळ्या हौदात. आणि सगळ्यात मोठा नियम : आत कुणी उतरायचं नाही. उतरायचंच झालं तर आधी मीटरने आतली हवा तपासायची, लेखी परवाना घ्यायचा, आणि बाहेर दोर धरून एक माणूस उभा.

हे मी रोज सकाळी सगळ्यांना उभं करून सांगायचो. रोज! लोक माना डोलवायचे. एकच मान हलायची नाही. शालिककाकांची.

शालिककाका आमच्याकडचे सगळ्यात जुने. पंचवीस-तीस वर्षं टाक्या धुतलेला माणूस. पूर्वी ते अनवाणी, हातात बादली आणि घासणी घेऊन सरळ आत उतरायचे म्हणे. अंगाने भरदार, आवाज मात्र एकदम मऊ. मला तर ते आल्या दिवसापासून डबा देत होते. "सर एकटे राह्यतेत, बाहेरचं खाऊन पोट बिघडवतीन," म्हणून काकू दोन भाकरी जास्त टाकायच्या. म्हणजे मी त्यांच्या घरचं खायचो आणि सकाळी त्यांनाच नियम शिकवायचो. काय थाट होता माझा!

त्या प्रसंगाच्या आठवडाभर आधी मी काय पाहावं? काका एका मोठ्या टाकीच्या झाकणातून मान आत घालून बघताहेत. अर्धे खांदे आत!

मी ओरडलोच. "काका! डोकं बाहेर!"

"पाहून राहिलो सर फक्त," काका म्हणाले. "मशीनले कोपरे समजत नाही. मले समजतेत."

मी खूप बोललो. सगळ्यांसमोर बोललो. आतली वाफ दिसत नाही, वास येईलच असं नाही, माणूस एका श्वासात कोसळतो, वगैरे वगैरे. काका ऐकत राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, "नाही उतरत सर आता. डोकंबी नाही घालत. शब्द देतो."

त्या दिवशी डब्यात काकूंनी माझ्यासाठी वेगळी वांग्याची भाजी पाठवली होती. 

असो. आता तो शुक्रवार. मे महिना. नागपूरचा मे म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी नाही पाहिलं त्यांना पटायचं नाही. दुपारचा दीड वाजलेला. पंप घरघरतोय, फवाऱ्याचा आवाज, भट्टीसारखी हवा. मी फेरी मारत होतो. काका कुठे दिसेनात.

वनिताताई पंपावर होत्या. आमच्याकडच्या सगळ्यात हुशार कामगार, माझं भाषण त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ. मी विचारलं, "काका कुठेत?"

"जेवणाच्या आधीपासून नाही दिसले सर."

तेवढ्यात आमचा ड्रायव्हर दिवाकर धुतलेल्या टाक्या भरून टेम्पो घेऊन गेटातून बाहेर पडत होता. मी हातवारे करत ओरडलो, "दिवाकर! काकांना पाहिलंस का?"

त्याने खिडकीतून डोकं काढलं. पंप घरघरतोय, टेम्पो धडधडतोय. तो जोरात काहीतरी म्हणाला. मला जे ऐकू आलं ते असं :

"काका टाकीमंधी बसून राहिले ना सर!"

आणि गेला!

माझ्या पायाखालची जमीन सरकली. टाकीमध्ये. बसून राहिले. आमच्या साताऱ्याकडे 'बसून राहिले' म्हणजे बसले ते उठलेच नाहीत! माझ्या डोळ्यांपुढे काका आले. टाकीच्या तळाशी, भिंतीला टेकून, मान खाली घातलेले.

मी दिवाकरला फोन लावला. उचलेना. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, हा नियमही मीच केलेला. मग काकांना लावला. मनात म्हणत होतो, वाजू दे, निदान कुठून वाजतो ते तरी कळेल.

तिसऱ्या रिंगला फोन उचलला! अगदी दबका, घोगरा आवाज.

"हालो… सर…"

"काका! कुठे आहात तुम्ही?"

"आतमधी आहो सर."

"आतमध्ये! बरे आहात ना? काही दिसतंय का?"

"अंधार आहे सर भल्ला."

"श्वास घेता येतोय?"

"हौ… थंडी हवा येऊन राहिली."

थंड हवा! मे महिन्यात! टाकीत! मी समजलो, माणसाच्या हातापायाच्या संवेदना चालल्या.

"काका, घाबरू नका. हळूहळू बाहेर या."

"आता कसा येऊ सर? मधात बसलो. दोन्ही बाजूनं पॅक आहे."

"सोबत कोणी आहे का?"

"हिले घेऊन आलो ना… पयल्यांदाच. भल्ली खूश आहे."

हिले! काकूंना! काकूंना घेऊन टाकीत उतरले! आणि खूश? आता सांगा, मी काय समजायचं? काही केमिकलची वाफ डोक्यात गेली की माणसाला आधी मजा वाटते, हसू येतं, आणि मग शुद्ध जाते. हे मीच शिकवतो! काकू खूश होत्या म्हणजे वेळ फार थोडा उरला होता!

"काका, ऐका, मी आलोच—"

आणि फोनमधून स्पष्ट आवाज आला. "शूऽऽऽऽऽ!"

गॅस गळतोय! फोन बंद.

मी अशी किंकाळी मारली की वनिताताईंच्या हातातली नळी सुटली आणि आम्ही दोघं नखशिखांत भिजलो. मी भोंगा वाजवला. सगळं यार्ड गेटाजवळच्या मोकळ्या जागेत पळालं. अग्निशमनला फोन केला, रुग्णवाहिकेला फोन केला. बाजूच्या कंपनीतले लोक भोंगा ऐकून आले. आणि मी मागच्या रांगेकडे पळत सुटलो, जिथे तीन मोठ्या टाक्या ओळीने ठेवल्या होत्या.

पहिलीचं झाकण उघडं होतं. मी शिडीवरून वर चढलो आणि ओरडलो, "काकाऽऽ!"

आतून आवाज आला, "का…का…"

"आहेत! आहेत! उत्तर देताहेत!"

"सर, तो तुमचाच आवाज आहे!" खालून वनिताताई.

पण मी ऐकतोय कुठला? मी एक पाय आत टाकला. खरं सांगतो, त्या क्षणी मला मीटर आठवला नाही, परवाना आठवला नाही, दोर आठवला नाही. फक्त भाकरी आठवली. रोज फडक्यात बांधून येणारी, दोन जास्तीची.

दुसरा पाय उचलणार, तोच मागून कुणीतरी माझा कमरेचा पट्टा गच्च धरला.

"सर! पाय बाहेर काढा!" वनिताताई शिडीवर चढून आल्या होत्या.

"सोडा मला! काका आत आहेत!"

"आतमधी माणूस पडून दिसला तरी त्याच्या मागं जायचं नाही! कोणी सांगितलं होतं? एकाले काढाले दुसरा गेला तं दोघंबी जातेत! कोणी सांगितलं होतं सर?"

"मी!"

"मंग? मीटर कुठं आहे? परवाना कुठं आहे? बाहेर उभा राह्यणारा माणूस कुठं आहे?"

"तुम्ही आहात की!"

"माह्या हाताले साबण आहे सर! तुमचा पट्टा निसटून राहिला!"

आणि तो निसटला. बक्कलच तुटलं. मी शिडीवर, एक पाय टाकीत, एका हाताने झाकण धरलेलं, दुसऱ्या हाताने पँट. खाली माझ्या मागोमाग धावत आलेली साठ-सत्तर माणसं. हाच तो क्षण, ज्याच्याबद्दल बाहेर वाट्टेल ते सांगितलं जातं.

वनिताताईंनी मला अक्षरशः कान धरल्यासारखं खाली उतरवलं. मग शांतपणे मीटर आणला, दोरीला बांधून आत सोडला, आकडे पाहिले, टॉर्च मारला.

"कोणी नाही सर. कोरडी ठणठणीत."

"मग दुसऱ्या टाकीत!"

"तिचं झाकण बंद आहे. बाहेरून बारा नट लावले आहे. काका आतमधी बसून बाहेरचे नट कसे लावतीन?"

"काकूंनी लावले असतील!"

"काकूबी आतमधी आहे म्हणता ना तुमी?"

माझं डोकं चालेना. "गॅस कटर आणा! टाकी कापा!"

वनिताताईंनी कपाळावर हात मारला. "गॅस कटर? त्या टाकीत थिनर होतं सर! काकाले काढता काढता आख्खं हिंगणा उडवता का?"

मग मी काय केलं सांगू? पिंजऱ्यातल्या हजार लिटरच्या टाक्यांकडे धावलो. एकेकीपाशी जाऊन थापा मारत हाका मारायला लागलो. त्यांचं तोंड जेवणाच्या ताटाएवढं. शालिककाकांचा एक खांदाही त्यात गेला नसता. तरीही मी पंधरा-वीस टाक्यांना हाका मारल्या. रडत होतो हो मी. सगळ्यांसमोर बोललो होतो त्यांना. त्या रागाने उतरले असतील, असंच सारखं मनात येत होतं.

एवढ्यात अग्निशमनची गाडी घंटा वाजवत आत शिरली आणि तिच्या मागोमाग, तिला बघून अर्ध्या रस्त्यातून परत फिरलेला दिवाकरचा टेम्पो.

दिवाकर उडी मारून उतरला. "काय झालं गा? कोणाले लागलं?"

"काका!" मी त्याची कॉलरच धरली. "तूच म्हणालास ना काका टाकीमध्ये बसलेत! कुठली टाकी? नंबर सांग!"

"टाकी?" दिवाकर माझ्याकडे बघतच राहिला. "टाकी नाही सर! टाकीज! टाकीजमंधी बसून राहिले म्हटलं मी! साडेबाराच्या शोले सोडून आलो ना मी त्याइले!"

"टाकीज म्हणजे?"

"टाकीज सर! पिक्चर! पिक्चर पाहून राहिले काका!"

आमच्या साताऱ्याकडे थेटर म्हणतात हो! जन्मभर थेटरच म्हणालो! आणि तो 'ज' टेम्पोच्या धडधडीत गेला तो गेलाच. वर 'बसून राहिले' म्हणजे इथे नुसतं 'बसलेत'!

मग कुणीतरी फिस्स करून हसलं. मग सगळेच. अग्निशमनचे लोकसुद्धा. त्यांच्या प्रमुखांनी हेल्मेट काढून घाम पुसला आणि विचारलं, "थंड पाणी तरी आहे का इथं?"

मी खाली मातीत बसलो. पँट धरून. काका जिवंत आहेत, एवढंच डोक्यात घुमत होतं. लाज नंतर वाटायची होती, तिला बराच वेळ होता.

पण थांबा, अजून संपलं नाही.

गेटापाशी एक ऑटो करकचून थांबला. त्यातून काका उतरले आणि धावतच सुटले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना तेल, आणि तोंड पांढरंफटक पडलेलं. मागून पोपटी साडीतल्या काकू, हातात चपला घेऊन पळताहेत.

"सर कुठं आहे?" काका ओरडत होते. "सरले काढलं का? कोणत्या टाकीत पडले सर?"

मी उठून उभा राहिलो. "मी… इथेच आहे काका."

काकांनी मला दोन्ही खांद्यांना धरून वरपासून खालपर्यंत पाहिलं. ओला, मातीने भरलेला, डोळे लाल.

"फोनवर तुमी रडल्यावाणी बोलत होते," ते धापा टाकत म्हणाले. "श्वास, बाहेर या, असं काही काही. मागून लोकं शू शू करून राहिले, मले समजलंच नाही. मंग मले वाटलं, सरच टाकीत पडले अन् मले बोलवून राहिले. हिले म्हटलं, ऊठ वं, सर एकटा आहे तिथं."

अहो, मी काकांना टाकीत शोधत होतो आणि काका मला टाकीतून काढायला जरीपटक्यातल्या टाकीजमधून ऑटो करून आले होते!

मी सगळं सांगितलं. टाकी, टाकीज, मीटर, बारा नट, सगळं. काकांनी शांतपणे ऐकलं. हसले नाहीत.

"पण सर," ते म्हणाले, "मी तं तुमाले शब्द देला होता ना. नाही उतरत म्हणून."

मी पँट आणखी थोडी वर ओढली.

"काका, पण जाताना सांगायचं तरी!" मी आपला उगाच, तोंड वाचवायला.

"अर्ज देला ना सकाळी. अर्ध्या दिवसाची सुट्टी. तुमी सही केली."

वनिताताई ऑफिसात जाऊन कागद घेऊन आल्या. परवान्यांच्या गठ्ठ्यात होता. 'पत्नीसह चित्रपट पाहण्यास जाणेकरिता', काकांच्या वळणदार अक्षरात. खाली माझी झोकदार सही. न वाचता कशावरही सही करू नका, असं सांगणाऱ्या माणसाची!

बाकी कुणाला सांगायला काका लाजले होते. या वयात बायकोला घेऊन पिक्चरला जातो म्हटलं तर लोक हसतील म्हणून. आता ते आख्ख्या एमआयडीसीला कळलं होतं, भोंगा वाजवून.

काकू मात्र माझ्यासमोर उभ्या राहिल्या. साडीच्या पदराने माझ्या गालावरची माती पुसली. "येवढं काहून भेता जी?" म्हणाल्या. "जेवले का तुमी?"

मला परत रडू फुटलं. खोटं कशाला सांगू?

लग्नानंतर पस्तीस वर्षांत पहिल्यांदा दोघं पिक्चरला गेले होते, आणि मध्यंतरही व्हायच्या आत उठून आले होते. माझ्यासाठी. हे मला काही चैन पडू देईना. रविवारी मी स्वतः जाऊन तिकिटं काढली. तीन. म्हटलं, नुसती तिकिटं हातात देणं बरं दिसत नाही, आपण सोबत गेलं पाहिजे, मान राखला पाहिजे.

दोघं अगदी नटूनथटून आले. मी त्यांना खुर्च्या दाखवल्या, पंख्याची हवा लागते की नाही ते विचारलं, आणीबाणीत बाहेर पडायचं दार कुठे आहे तेही दाखवलं. पॉपकॉर्नचा मोठा डबा आणला. दोघांनाही नीट हात पोचावा म्हणून तो मांडीवर घेऊन बसलो. एकदा काकांकडे सरकवायचा, एकदा काकूंकडे. दोघांची इतकी काळजी घेतली की पडद्यावर काय चाललंय याकडे माझं लक्षही नव्हतं. मनाला फार समाधान वाटत होतं. चूक निस्तरली एकदाची!

मध्यंतर झालं. दिवे लागले. काका एकदम वर छताकडे बघायला लागले. काकूंनी जरा पदर सावरला, माझ्याकडे झुकल्या आणि अगदी हळू, अगदी प्रेमाने म्हणाल्या :

"सर, राग नका मानू. पस्तीस वर्षांनी नवऱ्यासंगं पिक्चरले आली मी. तुमी आमच्या मधात काहून बसले?"